परतीचा पत्ता

सूरमध्ये रात्री अकरालाही भिंती तापलेल्याच.
एसीचं पाणी बादलीत पडतं, आणि खिडकीखाली
गोदीत एक अर्धं गलबत उघड्या फासळ्यांनी उभं.

माझं काम तसं थोडक्यात सांगता येतं:
प्रोग्रॅम चालवायचा नाही, नुसता वाचायचा.
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यातल्या
पंपांचा हा कोड, सी-मधला, सतरा वर्षांचा.
चालवून छेडून बघावा, तर गावाचे नळ बंद करावे लागतील.
म्हणून विश्लेषक सोडायचा त्याच्यावर,
म्हणायचं, बसल्या जागी सगळ्या वाटा चालून ये.
बाहेरून काय आत आलं, कुणी तपासलं,
न तपासता कुणाच्या हाती गेलं.

तो परतला चार हजार एकशे बारा इशारे घेऊन.
"माझ्या आत्याशी जमेल याचं," हनान म्हणाली,
"तिलाही दिसेल त्या माणसात खोट सापडते."
बहुतेक इशारे सुतावरून स्वर्ग गाठणारे.
तिसऱ्या दिवशी डोळे असे होतात
की खरा इशारासुद्धा खोट्यांच्या रांगेतून
मान खाली घालून निघून जाऊ शकतो.

दुपारी खाली उतरलो. खल्फान गलबताच्या पोटाशी
उकिडवा बसून सांध्यांवरून अंगठा फिरवत होता,
थांबत होता, बोटभर कापूस तेलात बुडवून ठोकत होता.
विचारलं, पाण्यात सोडल्यावर कळत नाही का, कुठे गळतं?
"कळतं," तो मोडक्या हिंदीत म्हणाला,
"पण तेव्हा आपण आत असतो."

इशारा दोन हजार नऊशे सात.
ओळ सातशे अठरा.
चौसष्ट अक्षरांची जागा, आणि बाहेरून येणारं नाव
हवं तेवढं लांब. मध्ये मोजणारं कुणी नाही.

रुवीत, पहिल्या वर्षी, आमच्या सहा खाटांच्या खोलीत
सातवा आला, मग आठवा. नाही कोण म्हणणार?
नववा अंधारात जिच्यावर झोपला
ती माझी बॅग होती, पासपोर्टची.

इथेही तेच. जादा अक्षरं शेजारी पसरतात,
आणि शेजारी असतो परतीचा पत्ता:
काम संपल्यावर कुठे जायचं, एवढाच एक आकडा.
त्याच्यावर परक्याने आपला पत्ता लिहिला
तर प्रोग्रॅम बिनबोभाट तिकडे जातो,
दिलेला शब्द पाळल्यासारखा.

विश्लेषक टिपा वाचत नाही. मी वाचली.
त्याच ओळीच्या डोक्यावर, दोन तिरप्या रेघांमागे,
रोमन अक्षरांत आणि चक्क मराठीत:
सध्या चालतंय. नंतर बघू. द. शेट्ये.

सतरा वर्षं ते "बघू" पंपांसोबत फिरत होतं.
हनानने जुन्या नोंदी काढल्या.
शेट्ये, दिगंबर. करार संपला. पुढचा पत्ता:
कोरा. तो रकाना सक्तीचा नव्हता.
मला त्याचा राग यायला हवा होता.
पण मला दिसली त्याची शेवटची संध्याकाळ,
रात्रीचं विमान, खोकी बांधलेली,
कुणीतरी खालून हॉर्न वाजवतंय.

एक अट घातली: लांबी चौसष्टपेक्षा कमी, तरच पुढे.
त्याची टीप पुसली नाही.
खाली लिहिलं, बघितलं. तारीख टाकली.
जरा जास्तच टेचात.

सकाळी विश्लेषक पुन्हा सोडला.
चार हजार एकशे बाराच.
जुना गेला होता, एक नवा आला होता,
ओळ सातशे एकोणीस, माझी.
लांबी वजा एक आली तर?

वजा एक, चौसष्टपेक्षा कमीच की.
माझ्या अटीने त्याला वाकून आत घेतलं असतं,
आणि पुढच्याच ओळीत चिन्ह गळून
तो सव्वाचारशे कोटींच्या वर झाला असता.

खाली ठोकण्याचा आवाज सुरू झालेला.
बादली भरली होती. ती ओतून आलो
आणि माझ्या "बघितलं"वर
कर्सर नेऊन ठेवला.